उंबऱ्याचा दगड आणि शिलिंगचा मीटर : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

गेल्या दोन अंकांत मी इंग्लंडमधल्या माझ्या बालपणाविषयी लिहिले होते. वडील डॉक्टर म्हणून तेथील राष्ट्रीय आरोग्य सेवेत रुजू झाले तेव्हा, म्हणजे १९६४ साली, मी पाच वर्षांची होते. १९७१ पर्यंत आम्ही लँकेशायर परगण्यात बोल्टनजवळच्या एका गिरणगावात राहिलो, पुढे १९७७ पर्यंत यॉर्कशायरच्या डोंगराळ भागातल्या एका खेड्यात, आणि त्यानंतर नौपाड्यातल्या आजोबांच्या घरी कायमचे परतलो. या लेखांवर ठाणे आणि नवी मुंबईतून बरीच पत्रे आली, त्यांपैकी सहा पत्रांना येथे उत्तरे देत आहे. जागेअभावी प्रश्न थोडक्यात दिले आहेत.

प्रश्न (कोपरी, ठाणे) : ताई, आमच्या पिढीने विलायत पाहिली ती चित्रांत आणि सिनेमात. तुमच्या लेखातला अंगणातला संडास आणि नाणे टाकल्याशिवाय न पेटणारा गॅस वाचून आश्चर्य वाटले. तेथे खरोखरच एवढी गरिबी होती का?

उत्तर : लेखात काहीही रंगवलेले नाही, उलट पुष्कळ सांगायचे राहूनच गेले. लँकेशायरच्या गिरणगावांत एकोणिसाव्या शतकात कामगारांसाठी बांधलेल्या घरांच्या रांगाच्या रांगा होत्या. एका घराची भिंत तीच शेजारच्या घराची, खाली दोन खोल्या, वर दोन, मागे फरसबंद चौक आणि चौकाच्या टोकाला संडास. आमचे भाड्याचे घर असेच होते. कडाक्याच्या थंडीत संडासाच्या नळातले पाणी गोठू नये म्हणून आई तेथे रात्रभर रॉकेलचा बारीक दिवा ठेवत असे, आणि मागच्या गल्लीतून येताना प्रत्येक संडासाच्या दाराखालून उजेडाची एक पट्टी बाहेर आलेली दिसे. लालबाग-परळच्या चाळीत वाढलेल्या माणसाला ही वस्ती मुळीच परकी वाटली नसती, कारण गिरणीची चिमणी, शेजाऱ्याच्या भांडणाचे भिंतीपलीकडून ऐकू येणारे शब्द आणि सोमवारी गल्लीभर वाळत घातलेले कपडे, सगळे तेथे होते.

गॅसच्या मीटरचे म्हणाल तर तो स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात होता. फटीत शिलिंग ठेवायचे, पितळी कान पिळायचा, मग नाणे आत पडल्याचा खळ्ळ असा आवाज येई आणि तेवढ्या पैशांपुरता गॅस मिळे. भात अर्धा शिजलेला असताना ज्योत निळी होत होत विझली की आई मला शेजारी पिटाळत असे, दोन सहापेनी नाणी देऊन त्यांच्याकडून एक शिलिंग आणायला. काही महिन्यांनी गॅस कंपनीचा माणूस येई, मीटरचा डबा आमच्या जेवणाच्या टेबलावर उपडा करी आणि नाण्यांच्या सारख्या उंचीच्या चळती रचून हिशेब करी. हिशेबापेक्षा जास्त भरलेली नाणी तो आईच्या पुढ्यात सरकवून जाई. तो दिवस आमच्या घरी सणासारखा असे.

याला गरिबी म्हणावे का, यावर मी बराच विचार केला आहे आणि माझे मत नकारार्थी आहे. ५ जुलै १९४८ रोजी आरोग्य सेवा सुरू झाल्यापासून आजारी माणसाला डॉक्टरच्या दारात पैशांचा विचार करावा लागत नव्हता. शाळेत प्रत्येक मुलाला रोज एक तृतीयांश पिंट, म्हणजे आपल्या मापाने जवळजवळ १९० मिलिलिटर दूध फुकट मिळे. बाटल्या दाराबाहेर ठेवलेल्या असत. हिवाळ्यात दूध गोठून वर येई आणि चंदेरी झाकण टोपीसारखे उचलले जाई. सात वर्षांवरील मुलांचे हे दूध १९७१ साली बंद झाले. तेव्हा शिक्षणमंत्री असलेल्या मार्गारेट थॅचर यांना लोकांनी ‘दूध हिसकावणारी’ असे नाव ठेवले. माझा धाकटा भाऊ तेव्हा आठ वर्षांचा होता आणि त्याला दूध आवडत नसल्यामुळे आमच्या घरात त्यांच्यावर रागावणारी मी एकटीच होते.

खरी चुरस होती ती स्वच्छतेची. शेजारच्या आजी आठवड्यातून एकदा गुडघ्याखाली पोत्याचा तुकडा घेऊन बसत, दाराबाहेरची दगडी पायरी ओल्या फडक्याने पुसत आणि मग साबणाच्या वडीएवढा एक दगड तिच्या कडेवरून घासत जात. ओल्या पायरीवर पिवळसर पांढरी रेघ उमटे आणि वाळली की उठून दिसे. या दगडाला ते डाँकी स्टोन म्हणत. दगडाची भुकटी, सिमेंट आणि ब्लीच यांची ती घट्ट वडी असे, आणि घोडागाडी घेऊन येणारा जुन्या कपड्यांचा व्यापारी चिंध्यांच्या बदल्यात ती देत असे. आपल्याकडची बोहारीण जुन्या लुगड्यांवर भांडी देते, अगदी तसेच. आम्ही तेथे गेलो तेव्हा ही चाल म्हाताऱ्या बायकांपुरतीच उरली होती. आईने पहिल्या दिवाळीत आमच्या पायरीवर तांदळाच्या पिठाची चार बोटांची रांगोळी काढली, तेव्हा आजींनी ती वाकून पाहिली आणि आपल्याकडची एक नवीकोरी वडी आईला आणून दिली. त्यांच्या मते आईला उंबऱ्याची किंमत कळत होती.

प्रश्न (नेरूळ) : मी निवृत्त गणित शिक्षिका आहे. पौंड, शिलिंग, पेन्स यांचा हिशेब तुम्ही लहान मुले कसा करत होतात?

उत्तर : बाई, आपल्याला हा प्रश्न पडावा याचा फार आनंद झाला. बारा पेन्सचा एक शिलिंग, वीस शिलिंगांचा एक पौंड, म्हणजे पौंडाचे पेन्स २४०, आणि मध्येच अडीच शिलिंगांचे ‘हाफ क्राउन’. मला हे काही केल्या जमेना, म्हणून मी ठाण्याला आजोबांना पत्र लिहिले. त्यांचे उत्तर आले की, आमच्या आण्याच्या बारा पै आणि तुमच्या शिलिंगचे बारा पेन्स, तेव्हा तू घाबरतेस कशाला, बाराचा पाढा दिवसातून दोनदा म्हणत जा. भारतात १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली असली तरी आजोबा मनातल्या मनात आणे-पैच मोजत, आणि त्यामुळे ठाण्यातले म्हातारे आजोबा आणि लँकेशायरमधली सात वर्षांची नात यांचे अंकगणित एकच झाले.

सोमवार, १५ फेब्रुवारी १९७१ रोजी तेथेही दशमान पद्धत आली आणि पौंडाचे शंभर नवे पेन्स झाले. एक नवा पेनी म्हणजे जुने २.४ पेन्स, हे आम्हा मुलांना शाळेत घोकवून घेतले होते, परंतु म्हाताऱ्या माणसांची फार तारांबळ उडाली. शेजारच्या आजी मला दुकानात बरोबर नेत आणि प्रत्येक वस्तूची किंमत ऐकल्यावर विचारत, “हे खऱ्या पैशात किती झाले?” मी हिशेब सांगितला की दुकानदाराकडे अशा नजरेने पाहत, जणू त्यानेच हा कायदा केला आहे.

प्रश्न (घणसोली) : माझ्या नवऱ्याला इंग्लंडमधल्या एका लहान गावात नोकरी मिळाली आहे. मुलगी सहा वर्षांची आहे. ती मराठी विसरेल का, आणि शाळेत तिला कोणी हिणवले तर आम्ही काय करावे?

उत्तर : या पत्राला उत्तर देण्यासाठीच मुख्यतः हे सदर लिहायला बसले आहे.

माझ्या पहिल्या शाळेत हजेरी घेताना वर्गाच्या बाईंनी माझे नाव दोनदा वाचून पाहिले आणि तिसऱ्या दिवसापासून त्यांना सोपे वाटणारे एक इंग्रजी नाव मला लावून टाकले. प्रगतिपुस्तकावरही तेच आले. त्या मनाने वाईट नव्हत्या, पण सहा वर्षे मी त्या नावाला ‘हो’ म्हणत राहिले आणि घरी येऊन दप्तर ठेवताना पुन्हा स्वतःच्या नावाची होत राहिले. आईवडिलांनी कधी तक्रार केली नाही, कारण परक्या देशात आपण पाहुणे, असे त्यांना वाटे. आता मला वाटते की त्यांनी शाळेत जायला हवे होते. तुम्ही पहिल्याच दिवशी मुलीचे नाव अक्षरे सुटी करून कागदावर लिहून द्या आणि शिक्षिकेला ते आपल्यासमोर तीनदा म्हणायला लावा. यात संकोच करण्यासारखे काहीही नाही.

हिणवण्याचे म्हणाल, तर २० एप्रिल १९६८ रोजी इनॉक पॉवेल या खासदाराने बर्मिंगहॅममध्ये स्थलांतरितांविरुद्ध भाषण केले आणि पुढच्या काही आठवड्यांत, ज्यांच्याबरोबर मी दोरीच्या उड्या मारत होते त्यांतल्याच दोन मुलांनी मला ‘परत जा’ म्हणून ओरडायला सुरुवात केली. नऊ वर्षांच्या मुलाला हे वाक्य स्वतःहून सुचत नाही, ते घरातल्या जेवणाच्या टेबलावरून आलेले असते. मी आईला सांगितले तेव्हा ती म्हणाली, “लक्ष देऊ नकोस.” तिने हे प्रेमानेच सांगितले, पण त्याचा परिणाम एवढाच झाला की त्यानंतर मी घरी काही सांगितले नाही. म्हणून तुम्हाला कळकळीची विनंती करते की, मुलगी असे काही सांगू लागली तर हातातले काम बाजूला ठेवून सगळे ऐका, आणि दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन बोला. आजचे इंग्लंड १९६८ चे नाही, शाळांना अशा गोष्टींची दखल घ्यावी लागते, आणि वर्गात तिच्यासारख्या इतर मुली असण्याचा संभवही मोठा आहे.

याची दुसरी बाजू सांगितली नाही तर तो अन्याय होईल. उत्तर इंग्लंडमध्ये घरच्या माणसाच्या नावाआधी ‘आवर’, म्हणजे ‘आमचा, आमची’ लावून बोलतात. आपण ‘आमचा बंड्या’ म्हणतो ना, नेमके तसेच. ती दोन मुले ओरडली त्या दिवशी शेजारच्या आजी हातातला घासायचा दगड तसाच घेऊन रस्त्यावर आल्या आणि त्यांनी त्या मुलांना ज्या शब्दांत झापले त्यातला एकच शब्द मला नीट आठवतो. मला त्या ‘आवर लास’ म्हणाल्या, म्हणजे आमची पोर. त्या दिवसापर्यंत त्या मला नुसतेच ‘लव्ह’ म्हणत, जसे त्या दूधवाल्यालाही म्हणत.

मराठी टिकली ती रविवारच्या पत्रांमुळे. निळ्या एरोग्रामवर आजोबांना एक पत्र लिहिल्याशिवाय मला खेळायला सोडत नसत. तीन आठवड्यांनी त्यांच्या उत्तराच्या आत माझेच पत्र घडी घालून परत येई, ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका लाल शाईने दुरुस्त केलेले. ते ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाचे जुने सभासद होते. १८९३ साली स्थापन झालेल्या त्या संस्थेत ते रोज संध्याकाळी बसत आणि वाचलेले काहीतरी मला कळवत. एकदा त्यांनी लिहिले की १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी आली, तिच्या रेल्वेची पहिली इंजिने तुमच्याच परगण्यात, न्यूटन-ल-विलोज गावच्या व्हल्कन फाउंड्रीत घडवलेली होती. मी वर्गात ते सांगितले तेव्हा कोणाला खरे वाटेना. मला मात्र त्या दिवसापासून ठाणे फार दूर वाटेनासे झाले. आता व्हिडिओवर आजी-आजोबा रोज दिसतील, तरीही मुलीला आठवड्यातून एक पान हाताने लिहायला लावा आणि येथून कोणीतरी ते दुरुस्त करून पाठवा. बोलण्यातली मराठी आठवड्याच्या गप्पांवर टिकते, लिहिण्यातली टिकत नाही.

जाता जाता एक व्यवहाराची गोष्ट सांगते. इंग्लंडमध्ये सप्टेंबर २०१४ पासून सरकारी शाळांतल्या पहिल्या तीन वर्गांना दुपारचे जेवण मोफत असते. तुमची मुलगी त्या वयात बसेल. काय खाते, काय खात नाही, ते आधीच लेखी कळवा.

प्रश्न (पाचपाखाडी, ठाणे) : तेथे तुमची दिवाळी कशी होत असे?

उत्तर : फराळ आई करत असे आणि फटाके आम्हाला इंग्रजांकडून मिळत. १६०५ सालच्या संसद उडवण्याच्या कटाची आठवण म्हणून तेथे ५ नोव्हेंबरला होळ्या पेटवतात आणि दारूकाम करतात. दिवाळी त्याच सुमारास येते. गल्लीतली मुले जुन्या कपड्यांत पेंढा भरून त्या कटातल्या गाय फॉक्स या माणसाचा पुतळा करत, त्याला हातगाडीवर घालून ‘गायसाठी एक पेनी’ म्हणत दारोदार फिरत आणि त्या पैशांचे फटाके आणत. होळीभोवती काकवीची टॉफी आणि आल्याचा केक वाटत, आम्ही चकल्या नेत असू. राम मारुती रोडवरची दिवाळी पहाट पाहिलेल्या आजच्या मुलांना ते फार साधे वाटेल. आमच्या भावाने मात्र कित्येक वर्षे ठामपणे असे समजून घेतले होते की नरकासुराचे इंग्रजी नाव गाय फॉक्स आहे.

प्रश्न (खारघर) : इंग्लंडमधली खेडी कॅलेंडरवर असतात तशीच सुंदर असतात का?

उत्तर : असतात, आणि तेथे राहणे फार एकाकीही असते. आमचे खेडे व्हार्फ नदीच्या खोऱ्यात होते. बस आठवड्यातून दोनदा, तीही स्किप्टनच्या बाजाराला जाण्यापुरती. पंधरवड्याला फिरत्या ग्रंथालयाची गाडी चौकात येऊन उभी राही आणि मी एका खेपेला नेता येतील तेवढी पुस्तके नेत असे. १९७२ च्या फेब्रुवारीत कोळसा खाणींच्या संपामुळे पाळीपाळीने वीज जाऊ लागली, तेव्हा ती पुस्तके मी मेणबत्तीवर वाचली. गिरणगावात आईला दारात उभे राहिले की बोलायला माणूस मिळे. येथे मेंढ्या दिसत. पहिल्या हिवाळ्यात ती फार मिटून गेली होती, हे मला आता कळते, तेव्हा कळले नाही.

तिला त्यातून बाहेर काढले दोन गोष्टींनी. एक म्हणजे गावच्या सभागृहातले महिला मंडळ. ‘विमेन्स इन्स्टिट्यूट’ची ही मूळची कॅनडातली चळवळ ब्रिटनमध्ये १९१५ साली वेल्समधल्या अँगलसी बेटावर सुरू झाली आणि मुरंबे-जॅमसाठी ती प्रसिद्ध आहे. तेथील बायका सफरचंद व्हिनेगरमध्ये तासभर शिजवून त्याला चटणी म्हणत. आईने खलबत्ता नेऊन खोबऱ्याची चटणी दाखवली आणि त्यांनी त्यांची शिकवली. पुढे ठाण्यात ती कैरीची तशी चटणी करत असे.

दुसरी गोष्ट दगडी भिंतींची. त्या डोंगरांवर मैलोन् मैल कुंपणाच्या भिंती आहेत, चुना-सिमेंट काहीही न लावता रचलेल्या. आई मूळची राजापूरकडची. तिने त्या पाहिल्या आणि उद्गारली, “हा तर गडगा!” बर्फाने कोसळलेला भाग शेजारचे शेतकरी वसंतात पुन्हा रचत असताना ती आणि मी पाहायला जात असू. भिंतीला दोन अंगे असतात, तळाशी रुंद आणि वर निमुळती होत जाणारी, मध्ये बारीक दगडांची भर, आणि ठरावीक उंचीवर दोन्ही अंगांना बांधून ठेवणारे लांब आडवे दगड. एका दगडावर दोन दगड, दोन दगडांवर एक, म्हणजे सांधा कधी सांध्यावर येऊ द्यायचा नाही, असा त्यांचा नियम होता. एके दिवशी आईने पदर खोचून दोन दगड उचलले आणि नेमक्या जागी बसवले. त्या शेतकऱ्याने ते हलवून पाहिले, मान डोलावली आणि पुढचा दगड आपण न उचलता तिच्याकडे पाहिले.

१९७६ चा उन्हाळा मात्र कॅलेंडरवर कधी येणार नाही. डोंगर करपून गेले आणि कित्येक ठिकाणी लोकांना रस्त्यावरच्या नळावरून बादल्यांनी पाणी न्यावे लागले. सरकारने ऑगस्टअखेरीस डेनिस हॉवेल यांना दुष्काळमंत्री नेमले आणि काही दिवसांतच पाऊस कोसळू लागला. आई म्हणाली, इतकी वर्षे झाली, आज पहिल्यांदा मातीचा वास आला.

प्रश्न (वाशी) : माझे वय ७२ आहे. वडिलांच्या नोकरीमुळे १९६१ ते १९६५ अशी चार वर्षे मी वेल्समध्ये काढली. मला खिडकीच्या तळापर्यंत साचलेला आणि महिनोन् महिने न वितळलेला बर्फ आठवतो. थोरला भाऊ म्हणतो, ही तुझी कल्पना आहे. नातवंडांसाठी आठवणी लिहायच्या आहेत, पण आता स्वतःवरचा विश्वास डळमळला आहे.

उत्तर : आपली आठवण खरी असण्याची शक्यता फार मोठी आहे. १९६२ च्या नाताळच्या दुसऱ्या दिवशी बर्फ पडू लागला आणि देशाच्या मोठ्या भागात तो मार्चच्या सुरुवातीपर्यंत टिकला. इंग्लंड आणि वेल्समधला तो १७४० नंतरचा सर्वांत थंड हिवाळा मानला जातो, काही ठिकाणी किनाऱ्यालगत समुद्रही गोठला होता. भावाला ही सनावळी दाखवा.

माझ्याबाबत असेच एकदा घडले. मिट्ट काळोखात, बाहीवर चमकणारी पट्टी बांधून शाळेत गेल्याचे मला आठवे आणि आई ते साफ नाकारत असे. पुढे वाचनात आले की १९६८ ते १९७१ या काळात ब्रिटनने हिवाळ्यातही घड्याळे एक तास पुढेच ठेवण्याचा प्रयोग केला होता. त्यामुळे आमच्या भागात डिसेंबरअखेरीस सूर्य सव्वानऊनंतर उगवत असे. मात्र उलटही घडले आहे. चंद्रावरचे पहिले पाऊल मी शेजारच्या आजींकडे, रात्रीच्या जेवणाआधी, ते पडत असतानाच पाहिले, असे मी पन्नास वर्षे सांगत आले. ते पडले तेव्हा ब्रिटनमध्ये २१ जुलै १९६९ ची पहाट होती आणि चार वाजायला चारच मिनिटे कमी होती. मी पाहिले ते नक्कीच पुन्हा दाखवलेले चित्रण असणार. आजींची खोली, कोळशाचा वास आणि माझ्या हातातली लोणी लावलेली पावाची फोड, हे सारे मात्र मी तसेच ठेवले आहे, फक्त ‘ते पडत असतानाच’ हे शब्द खोडले.

तेव्हा आपण असे करावे. आधी काहीही न तपासता, घराच्या दारापासून शाळेच्या फाटकापर्यंतचा रस्ता लिहून काढावा. उजव्या हाताला कोणते दुकान, कोठे चढ, कोणाच्या कुत्र्याची भीती वाटे, असे सगळे. मग भावालाही तोच रस्ता स्वतंत्रपणे लिहायला सांगावा आणि दोन्ही कागद समोरासमोर ठेवून एकत्र बसावे. जेथे दोघांचे जुळत नाही तेथे वाद न घालता दोन्ही लिहावे आणि ज्याची त्याची आठवण ज्याच्या त्याच्या नावावर राहू द्यावी. तारखा, हवामान, नाणी यांची पडताळणी सर्वांत शेवटी करावी. हा रस्ता लिहून झाला की त्याची एक प्रत मला अवश्य पाठवावी. आपली खिडकी जमिनीपासून किती उंच होती, तेही त्यात लिहावे.